परक्या देशाची टोपी

मी उजव्या हाताचा ग्लोव्ह बोलतोय. डावा माझ्या अंगाखालीच पडला आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून आम्हा दोघांची हकिकत मलाच सांगावी लागते. आम्ही विकेटकीपरचे ग्लोव्हज. दिवसभर आम्ही शेकडो चेंडू धरतो, ते कुणी मोजत नाही. एक सुटला, की सगळं मैदान आमच्याकडं बघतं.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका कारागिरानं मऊ कातडं बेतून, तळव्याला रबर लावून मला शिवलं. तिथून मी खोक्यात बसून कोल्हापूरला आलो. मंगळवार पेठेत लोखंडी सामानाचं दुकान चालवणाऱ्या नेमगोंडा मगदुमांनी मला त्यांच्या मुलीसाठी विकत घेतलं. प्राची तेव्हा अठरा वर्षांची होती.

घरात पाऊल टाकायच्या आधीच मला अडवलं गेलं. मगदूम जैन. प्राचीच्या आईला, राजमतीबाईंना, कातड्याची वस्तू घरात चालत नसे.

"चपलांच्या जागंला ठेवा त्यास्नी," त्या म्हणाल्या. "आत न्हाय आणायचं."

मला त्याचा राग आला नाही. जिन्याखाली एका लाकडी पेटीत आम्ही राहू लागलो. पहाटे प्राची यायची, झाकण उघडायची आणि हात आत घालण्याआधी आमच्यावर हलकेच फुंकर मारायची. अशी सवय मी दुसऱ्या कुणाला पाहिली नाही.

शिकवणारे आप्पाच. नेमगोंडांना प्राची आप्पा म्हणायची. दुकान उघडायच्या आधी ते मैदानावर यायचे आणि वीस पावलांवरून चेंडू फेकत राहायचे. खाली, वर, लेग साइडला. "डोळं चेंडूवर, प्राची! हात आपोआप जातील की!" त्यांचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर ऐकू यायचा. माझं रबर दोनदा झिजलं. दोन्ही वेळा पापाच्या तिकटीजवळ चपला शिवणाऱ्या केरबांनी ते नवं बसवून दिलं.

प्राची जिल्ह्याकडून खेळली. मग राज्याच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा आप्पांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पण तिथं बाहेरच्या राज्यातली एक नामांकित कीपर करारावर आणली होती. ती खरंच चांगली होती. प्राची बाकावर बसली, ती चार वर्षं बसली. पाण्याच्या बाटल्या नेताना ती मला पँटच्या मागं खोचायची. सामना संपला तरी मी कोरडाच असायचो. घामाशिवाय ग्लोव्हचं कातडं ताठरतं, हे मला त्या चार वर्षांत कळलं.

सव्विसाव्या वर्षी तिला परदेशातून बोलावणं आलं. उत्तरेकडचा एक लहानसा, थंड देश. त्याचं नाव मी घेत नाही, तिथल्या भल्या माणसांना वाईट वाटायला नको. त्यांना क्रिकेटमध्ये वर यायचं होतं. तिथं मुलींना शिकवायची नोकरी होती. तीन वर्षं तिथं राहिलं, की नियमानं त्या देशाकडून खेळता येणार होतं.

त्या दिवशी जिन्यात बापलेकीचं भांडण झालं. मी पेटीतून सगळं ऐकलं.

"शिकवायला जा की. न्हाय कोण म्हणतंय?" आप्पा म्हणाले. "पण त्यांची टोपी घालून खेळणार तू?"

"मग काय करू, आप्पा? हितं बसून म्हातारी होऊ?" प्राचीचा आवाज चढला. "पेठेच्या टीमला आफ्रिकेतनं पोरं आणत्यात फुटबॉल खेळायला. तुमीच शिट्ट्या मारता की त्यांच्या गोलला!"

"ती पेठ हाय. देश न्हवं."

"फरक काय त्यात?"

"मला बी नीट सांगता येत न्हाय," आप्पा म्हणाले. "पण हाय फरक."

"मी जातो, आप्पा," प्राची म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'जाते' न म्हणता 'जातो' म्हणतात, तशीच.

निघायच्या दिवशी बॅग भरताना राजमतीबाई जिन्याखाली आल्या. त्यांनी पेटी उघडली आणि आम्हाला स्वतःच्या हातांनी उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एका जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून आम्हाला बॅगेत ठेवलं आणि मग त्या अंघोळीला गेल्या. प्राचीनं ते पाहिलं. बॅगेची चेन तिच्याकडून दोनदा अडकली.

परदेशात गारठ्यानं माझी शिवण आखडायची. पण हळूहळू प्राची रुळली. तिच्या हाताखाली शिकायला एकोणीस वर्षांची इंग्रिद आली. बेकरीत काम करणारी, उंच, लांब बोटांची मुलगी. तिच्या गावात मुलींचं क्रिकेट नव्हतंच, म्हणून ती लहानपणी मुलांबरोबर खेळली होती. देशाच्या संघाची कीपर तीच. प्राची वीस पावलांवरून तिच्याकडं चेंडू फेकायची आणि कोल्हापुरीत ओरडायची, "डोळं चेंडूवर!" इंग्रिदला भाषा कळत नसे, पण अर्थ कळायचा. सकाळी येताना ती प्राचीसाठी बिनअंड्याचा गरम पाव आणायची.

तीन वर्षं पुरी झाली. निवड समितीनं संघ जाहीर केला. कीपर प्राची. इंग्रिद राखीव.

इंग्रिदनं येऊन प्राचीला मिठी मारली. मनापासून मारली, मी दोघींच्या मध्येच होतो.

पात्रता स्पर्धेचा पहिला सामना. त्या देशाचं राष्ट्रगीत लागलं. प्राचीनं मला काखेत धरलं होतं. तिनं ते गाणं महिनाभर पाठ केलं होतं, खोलीत आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पण त्या दिवशी तिच्या छातीतून आवाज निघाला नाही. नुसती धडधड माझ्यापर्यंत येत होती. मग खेळ सुरू झाला. तिनं तीन झेल घेतले, दोन स्टंपिंग केले. सामना जिंकला. इतक्या वर्षांनी माझं कातडं पुन्हा घामानं मऊ झालं होतं. खरं सांगतो, मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. त्यांनी दुकानात बसून मोबाइलवर सगळा सामना पाहिला होता.

"ते दुसरं स्टंपिंग झ्याक केलंस," ते म्हणाले.

"व्हय, आप्पा?"

"व्हय." मग जरा थांबून म्हणाले, "गाणं लागलंतं तवा तुझं ओठ हालत न्हवतं, प्राची."

एवढंच. रागावून नाही, नुसतं पाहिलेलं सांगितलं. प्राचीनं फोन ठेवला आणि किती तरी वेळ माझी शिवण नखानं चाचपत बसली.

त्याच आठवड्यात तिथल्या एका वर्तमानपत्रानं विचारलं, की आपल्या अकराजणींत या मातीत जन्मलेल्या किती? पाच होत्या. लोक दोन्ही बाजूंनी बोलले. कुणी म्हणालं, बाहेरच्या आल्या म्हणून तर आपण जिंकतोय. कुणी म्हणालं, मग जिंकलं कोण?

इंग्रिद या वादात पडली नाही. स्पर्धा संपल्यावर ती प्राचीला भेटायला आली. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. हे मला मान्य आहे. पण तू आली नसतीस, तर मी किती चांगली झाले असते, हे आता मला कधीच कळणार नाही."

प्राचीनं तिचा हात धरला. तिला बोलायचं होतं. बाकावरची ती चार वर्षं तिच्या ओठांवर आली होती. पण सांगून काय उपयोग? तेव्हा प्राचीची जागा घेणारीचं काही चुकलं नव्हतं, तसंच आता प्राचीचंही चुकलं नव्हतं.

इंग्रिदनं क्रिकेट सोडलं.

प्राची निवड समितीच्या प्रमुखांकडं गेली. "मी खेळणं थांबवते. तिला परत बोलवा," ती म्हणाली.

"भावनेवर संघ निवडत नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "आणि तू नियमातच आहेस."

तरीही प्राचीनं खेळणं थांबवलं. संघ सोडला, तसा नोकरीचा करारही संपला. पण तिची जागा इंग्रिदला मिळाली नाही. महिन्याभरात आणखी एका देशातून आलेल्या दुसऱ्या कीपरला घेतलं. ती तिथं राहून तीन वर्षं पुरी करून बसलेलीच होती.

कोल्हापूरला परत जायच्या आदल्या दुपारी प्राची आम्हाला घेऊन बेकरीत गेली. "तुझ्यासाठी," म्हणून तिनं आम्हाला काउंटरवर ठेवलं. इंग्रिदनं नको म्हटलं नाही. मग गिऱ्हाईक आलं आणि प्राची निघाली. दारात तिनं वळून पाहिलं, ते इंग्रिदकडं की आमच्याकडं, मला सांगता येणार नाही.

आता आम्ही बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवरच्या फळीवर आहोत. एका रविवारी दुकान बंद केल्यावर इंग्रिदनं मला हातात घातलं. माझी बोटं प्राचीच्या मापाला पसरलेली, तिची लांब. टोकाशी तिची बोटं दुमडली. तिनं दोनदा मूठ मिटून पाहिली, मग मला काढून परत फळीवर ठेवलं. त्यानंतर ती मला हात लावत नाही.

परक्या खेळाडूला देशाची टोपी द्यावी की देऊ नये, हे मी ठरवू शकत नाही. मी कातड्याचा, मेरठचा, कोल्हापूरचा आणि आता इथला. ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांना मी एवढंच विनवतो: कुणाच्या डोक्यावर टोपी ठेवाल, तेव्हा ती कुणाच्या डोक्यावरून उचलली, तिच्या घरी एकदा जाऊन या. तिच्याशी बोला. मग काय तो नियम करा.

माझ्यावर पीठ साचत चाललंय. आता झटकायला कुणी येईल असं वाटत नाही.