चिठ्ठीवरची रिकामी ओळ

मी एक पेटी बोलतेय. चेस्टनटच्या लाकडाची, तीन खणांची, कडीला थोडा गंज चढलेली. माझ्यात कुणी दागिने ठेवले नाहीत की कपडे. माझ्यात शब्द ठेवले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

मला लियास सुताराने घडवलं, ग्रीसच्या पार्नोन डोंगरातल्या आमच्या त्साकोनी लोकांच्या गावात. खालच्या शहरांतली ग्रीक वेगळी आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडची वेगळी. बाकीच्या देशाने पावाचं जुनं नाव, 'आर्तोस', देवळापुरतं ठेवलं आणि घरात 'प्सोमी' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे जुनंच नाव झिजत झिजत 'आन्डे' झालं, पण भट्टीपाशी टिकून राहिलं. दिवसाला अथेन्सवाले 'इमेरा' म्हणतात. आमच्या बायका 'अमेरा' म्हणतात, अडीच हजार वर्षांपूर्वी स्पार्टाकडची माणसं म्हणायची तसं.

हे सगळं मला स्ताथिस मास्तरांकडून कळलं. ते खालच्या त्रिपोली शहरातून शाळेवर आले आणि आल्या आल्या त्यांनी मला बनवायला सांगितलं. कशासाठी, ते ऐकून लियास इतका खूश झाला की माझे सांधे त्याने खिळ्यांशिवाय बसवले. "आमचं बोलणं पेटीत राहणार म्हणजे राजाच्या मुकुटासारखंच की," असं तो गावभर सांगत सुटला.

मास्तरांची पद्धत कडक. एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, त्याखाली त्याचं प्राचीन रूप, मग अर्थ, आणि शेवटच्या ओळीत ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव आणि वय. ही ओळ कोरी राहिली तर चिठ्ठी बाद. "नाव नसेल तर शब्द चोरीचा," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे.

पण वरून हुकूम होता की शाळेत फक्त शहरी ग्रीक बोलायची. मास्तर हुकमाचे पक्के. सकाळी ज्या बोलीसाठी मुलांचे कान पिळायचे, संध्याकाळी त्याच बोलीसाठी म्हाताऱ्यांच्या दारात तिष्ठत बसायचे. मला तेव्हाही ते खटकायचं, पण पेटीला विचारतो कोण?

मास्तर येऊन तीनच महिने झाले होते. त्यांच्यासमोर गाव शहरी बोलायचं, लाजून. जूनमधली सकाळ होती, वर्गात उकडत होतं. लियासची नऊ वर्षांची मारूसो उठली आणि म्हणाली, "मास्तर, ईओ."

ईओ म्हणजे पाणी. मी टेबलावरच होते. मास्तरांचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलं. पाण्याचं प्राचीन नाव, 'हुदोर', कुठेतरी जिवंत असेल अशी त्यांची अटकळ होती, आणि तो आत्ता समोर, एका पोरीच्या कोरड्या जिभेवर सापडला होता. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून माझ्या खालच्या खणात टाकली. मग चेहरा कडक केला आणि शाळा सुटेपर्यंत तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पाणी दिलं नाही.

दुपारी ती कोसळली. लियास येऊन तिला उचलून घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

चिठ्ठीची शेवटची ओळ मास्तरांनी कोरीच ठेवली.

मारूसो पुन्हा शाळेत आली नाही. आईकडून, गारूफालियाकडून, ती मागावर बसायला शिकली. पण त्या दिवसापासून तिने जुन्या बोलीचा एक शब्द उच्चारला नाही, आईशीसुद्धा नाही. आई जुन्या बोलीत विचारायची, लेक शहरी ग्रीकमध्ये उत्तर द्यायची. एकाच मागावर बसून दोघी अशा एकतीस वर्षं बोलत राहिल्या. लेकीच्या तोंडून जुना शब्द पुन्हा न ऐकताच लियास वारला. मास्तरांचे केस पांढरे झाले, माझे खण भरत गेले. आणि ती चिठ्ठी सगळ्यांत खाली दबून राहिली.

मग गारूफालियाच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला. गावातले बाकीचे माग कधीच मोडून चुलीत गेले होते. मागाच्या एकेका भागाची, विणीच्या एकेका नक्षीची जुनी नावं आता त्या एका जिभेवर उरली होती, आणि ती जीभ रोज जड होत चालली होती. मास्तर मला काखोटीला मारून धावले.

गारूफालियाला अंगणात द्राक्षवेलीखाली खाटेवर ठेवलं होतं. मारूसोने रिवाजाप्रमाणे तबक आणलं. बशीत चमचाभर क्विन्स फळाचा मुरांबा होता. पण सोबत पाण्याचा पेला नव्हता.

आमच्याकडे शत्रू जरी दारात आला तरी गोडासोबत पाणी देतात. मास्तर समजायचं ते समजले. त्यांनी मुरांबा खाल्ला आणि कोरडा घसा घेऊन तासभर बसले. गारूफालियाने तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. शेजारची स्तामाता कुंपणावरून म्हणाली, "काय मास्तर, गोड लागलं की घशाला कोरड पडते, नाही?" मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता.

चौथ्या दिवशी गारूफालियाचा एक डोळा पुरता मिटला होता. मास्तर रडकुंडीला आले. "मावशी, तुमच्याबरोबर सगळं जाईल हो," ते म्हणाले.

ती बोलली तेव्हा शब्द ओठांतून सांडत होते, तरी स्पष्ट होते.

"पाण्याची चिठ्ठी आहे अजून?"

मास्तरांनी मला उपसलं. सगळ्यांत खालून तो पिवळा कागद निघाला.

"वाचा."

त्यांनी शब्द वाचला, प्राचीन रूप वाचलं, अर्थ वाचला आणि थांबले.

"खाली काय लिहिलंय?"

"काही नाही."

"नाव नसेल तर शब्द चोरीचा, असं तुम्हीच म्हणता ना? मग ज्या घरात चोरी केलीत, त्याच दारात अजून मागायला येता होय?"

मारूसो दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं, आता मास्तर मला बंद करतील आणि उठून जातील. अभिमानी माणूस तो, आणि कुंपणापलीकडे अर्धं गाव जमलेलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. मला मांडीवर घेऊन माझ्याच झाकणावर कागद ठेवला. लिहून झाल्यावर त्यांनी उभं राहून मोठ्याने वाचलं:

"मारूसो, लियास सुताराची मुलगी, वय नऊ. वर्गात तहान लागली तेव्हा. मी दिलं नाही."

मारूसो वळून आत गेली. संपलं, असं मला वाटलं. गारूफालियाचा उघडा डोळा दारावर खिळला होता.

ती परत आली ती हातात पेला घेऊन. काठोकाठ भरलेला, बाहेरून घाम सुटलेला. तो तिने मास्तरांपुढे तबकात ठेवला.

"ईओ," ती म्हणाली.

मास्तर पाणी प्यायले आणि रडले. पण आई त्यांच्याकडे पाहत नव्हतीच. ती लेकीकडे पाहत होती, आणि त्याच क्षणी तिने बोलायला सुरुवात केली. धोट्याचं नाव सांगितलं, फणीचं सांगितलं, मग पक्ष्यांच्या नक्षीचं. दोन दिवस मास्तर लिहीत होते. शेवटी किनारीच्या एका विणीपाशी तिची जीभ अडली. ती नुसती बोटं हलवून दाखवत राहिली. मास्तरांचं पेन हवेत थांबलं. तेव्हा तो शब्द मारूसोने सांगितला. आईने डोळा मिटला, तो पुन्हा उघडला नाही.

मास्तर वारले, शाळा बंद पडली, चिठ्ठ्या अथेन्सला पोचल्या. मला मात्र मास्तरांनी मारूसोच्या घरी आणून ठेवलं होतं. आज मी तिच्या मागाशेजारी असते. माझ्या तळाशी एकच चिठ्ठी आहे, पाण्याची. तिची नक्कल अथेन्सला गेली, अस्सल इथे आहे.

मारूसो आता म्हातारी झाली आहे. शहरातली शिकलेली माणसं तिच्याकडे शब्द मागायला येतात, माझे फोटो काढतात. या, तुम्हीही या. ती नाही म्हणणार नाही. फक्त लिहून घेताना खालच्या ओळीपासून सुरुवात करा. आणि पाणी देताना ती त्याचं नाव घेते, ते ऐकल्याशिवाय पेला तोंडाला लावू नका.