गूळ नको, भुसा द्या!

मित्रांनो, आधी नाक मुरडायचं थांबवा. मी बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते ती नव्हे; ती माझी लांबची चुलत बहीण, आणि तिचं-माझं पटत नाही. मी पोखर्णीच्या शिवारातली, पऱ्हाटी कुजवणारी हिरवी बुरशी. वयानं जुनी, स्वभावानं सरळ आणि सध्या लय वैतागलेली. का, ते सांगते. माणसांनी लाड करकरून मला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

धुरपताबाईंच्या शेताच्या बांधावर माझा जन्म झाला. कापूस वेचून झाला की त्या पऱ्हाट्या उपटून बांधाला ढीग लावत. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. ते इतकं टणक की गुरंही तोंड लावत नाहीत. मी मात्र त्यावरच वाढले. मला दात नाहीत, पोट नाही. मी अंगातून विकरं बाहेर सोडते. विकर म्हणजे तुमच्या पुस्तकातलं एन्झाइम. ती विकरं लाकडाचे बारीक तुकडे करतात, त्यांची साखर होते आणि ती मी शोषून घेते. स्वयंपाक बाहेर आणि जेवण आत, अशी आमची रीत.

एका सकाळी शिवकन्या आली. सेलूची मुलगी, परभणीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. ढीग उकरून तिनं मला बघितलं आणि विचारलं, "मावशी, ही बुरशी नेऊ का मी?"

धुरपताबाई हसल्या. "ने की माय! बुरशी मागायला आलेली तू पहिलीच."

प्रयोगशाळेत माझं फार कौतुक झालं. शिवकन्या माझ्या विकराच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. कागद म्हणजे लाकडाचाच नातेवाईक. बघता बघता पट्टी विरघळून जायची आणि ती टाळ्या वाजवायची. माझ्यावर तिनं प्रबंध लिहिला. पुढं शिक्षण संपलं आणि चार वर्षं मी एका काचेच्या नळीत, तिच्या घरच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागं पडून राहिले. तिच्या आईनं दोनदा मला उकिरड्यावर टाकायला काढलं होतं. असो. झालं गेलं मी विसरत नसते, पण आत्ता त्याबद्दल बोलत नाही.

गेल्या वर्षी शिवकन्येनं सेलूत, कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत, छोटं युनिट टाकलं. कापडावरची लव काढायला माझं विकर चालतं. एका कापड कारखान्यानं तिला सांगितलं, तीन नमुने पाठवा. एक जरी पसंत पडला तरी दर महिन्याला माल घेऊ. मला मोठ्या टाकीत सोडलं, पऱ्हाटीचा भुसा घातला आणि मी म्हटलं, चला, कामाचे दिवस आले.

आणि तिथंच माशी शिंकली. तिचे वडील रेवणप्पा मदतीला आले.

अप्पांनी चाळीस वर्षं सेलूच्या बाजारात गुळाचं दुकान चालवलं. माणूस देवासारखा. त्यांच्या उंबऱ्यात आलेला माणूस गूळ-पाण्याशिवाय परत गेला नाही. मूल पहिल्यांदा शाळेत निघालं, दे गुळाचा खडा. नवी गाय आली, दे गुळाचा खडा. युनिटात त्यांचं काम एवढंच होतं की रोज सकाळी कॅनभर पाण्यात मोजून क्षार आणि युरिया घालायचा, ते पाणी उकळून निववायचं आणि टाकीला जोडायचं. शिवकन्येनं कागदावर सगळं लिहून भिंतीला चिकटवलं होतं.

पहिल्याच दिवशी अप्पा टाकीपाशी उभे राहून हळहळले. "लेकरू नुसता भुसा खायलंय. शिव शिव! आपल्या दारात असं?" आणि उकळायच्या आधी त्यांनी कॅनमध्ये गुळाची अर्धी भेली सोडली. टाकीतलं पऱ्हाटीचं पाणी मुळातच तपकिरी. त्यात गूळ कुणाला दिसतोय?

कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला ना कपाळ ना हात! मित्रांनो, आता नीट ऐका. माझ्या पेशीत दहा हजारांच्या आसपास जनुकं आहेत. जनुक म्हणजे एखादी वस्तू कशी बनवायची याची लिहून ठेवलेली कृती. सगळ्या कृती एकाच वेळी करायला मला काय वेड लागलंय? लाकूड फोडणारी विकरं बनवायला फार ताकद जाते. म्हणून माझ्यात एक राखणदार प्रथिन आहे. आयती साखर आली की तो राखणदार त्या विकरांच्या जनुकांवर ठाण मांडून बसतो. साखर संपली की उठतो. मी चिमूटभर विकर कायम बाहेर सोडलेलं असतं, चाचपायला. त्यानं लाकडाचा कण तुटून आत आला की मला कळतं, बाहेर खायला लाकूड आहे. मग दुसरं एक प्रथिन ती जनुकं चालू करतं आणि मी कामाला लागते. हा नियम माझ्या पणजीच्या पणजीपासून चालत आलाय. त्यात माझी मर्जी चालत नाही.

रोज गूळ आला, तसा राखणदार जागचा हलेना. मी खाऊन खाऊन फुगले. टाकी माझ्या धाग्यांनी गच्च भरली. शिवकन्या खूश झाली आणि तिनं कागदाची पट्टी बुडवली. पट्टी जशीच्या तशी उभी. पहिला नमुना नापास झाला. तिनं तापमान बदललं, आंबटपणा बदलला, ढवळायचा पंखा बदलला. दुसराही नमुना नापास.

"अप्पा, एकच नमुना राहिलाय," ती खुर्चीत बसून म्हणाली. "हा गेला तर युनिट बंद करते अन् पुण्याला नोकरी बघते."

"अन् ही बुरशी?"

"मोठ्या कुकरला लावून मारून टाकते. हिची जातच बिघडली."

माझी जात बिघडली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला उकळून मारायचं ठरलं आणि मला एक शब्द बोलता येईना. अप्पांचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? त्यांनी कॅनमध्ये अख्खी भेली घातली. अहो, भीक नको पण कुत्रं आवरा!

लोक म्हणतात, गाढवाला गुळाची चव काय. मला गुळाची चव कळते, हेच तर माझं दुखणं होतं.

त्या आठवड्यात धुरपताबाई पऱ्हाटीचा टेम्पो घेऊन आल्या. पोती उतरवताना त्यांची नजर अप्पांच्या हाताकडं गेली.

"अप्पा, काय टाकायलाव हो त्याच्यात?"

"गूळ हाय. कुणाला बोलू नका, बाई. लेकरू उपाशी हाय."

"कुणाचं लेकरू?"

"ही बुरशी."

धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवो, आमच्या सर्ज्या बैलाम्होरं सरकी पेंड ठिवली तर त्यो कडब्याला तोंड लावतो व्हय? पेंड उचलली की मंग खातो कडबा गुमान. हिला तुमी रोज गूळ द्यायलाव, मंग ही पऱ्हाटी कशाला फोडंल?"

मी टाकीतल्या टाकीत धन्य झाले. आपल्या शिवारातलं माणूस ते आपलं.

मागं दारात शिवकन्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अप्पा, कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून." अप्पांनी कॅनचं झाकण लावलं. "मला वाटलं, मरंल ती."

शिवकन्या पोत्यावर बसली. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती हळूच म्हणाली, "साखरेनं हिचं काम थांबतं, यावर मी प्रबंधात पाच पानं लिहिलीत. अन् घरात गुळाचं दुकान असून कॅन एकदा चाखून बघितला न्हाई." मग उठून तिनं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "अप्पा, ती भुकेली राहिल्याबिगर कामाला लागत न्हाई."

टाकी धुतली. फ्रिजमधल्या जुन्या नळीतून मला नव्यानं सोडलं. या वेळी फक्त भुसा आणि क्षाराचं पाणी. अप्पांनी गुळाचा डबा स्वतःच घरी नेऊन ठेवला. मला कडकडून भूक लागली. राखणदार उठला. लाकडाचा पहिला कण आत आला आणि अंगभर कामाची धांदल उडाली.

सातव्या दिवशी शिवकन्येनं पट्टी बुडवली. धुरपताबाईही मुद्दाम आल्या होत्या; तिघं श्वास रोखून बघत होती. पट्टी आधी वाकली, मग तिच्या कडा सुटल्या, मग ती नळीच्या तळाला पाण्यात मिसळून गेली.

"गेली की वो पट्टी!" अप्पा ओरडले.

तिसरा नमुना पास झाला. कारखान्याचा फोन आला त्या सकाळी अप्पा घरून धावतपळत आले. आनंदाची बातमी, म्हणजे हातात काय असणार? गुळाचा खडा! त्यांचा हात सवयीनं कॅनवर गेला आणि माझा जीव खालीवर झाला. अप्पा तसेच थांबले. मग वळून त्यांनी तो खडा लेकीच्या तोंडात घातला, उकळायला काढून ठेवलेल्या भुशातून मूठभर भुसा उचलला, कपाळाला लावला आणि परत घातला. "घे बाई," ते मला म्हणाले, "तुझं तू खा."

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर करता त्याला काय पचतं, ते आधी बघा. आणि त्याला बोलता येत नसेल, तर दुप्पट बघा. मी फार वैतागले होते, खोटं कशाला सांगू? तरी त्या दिवशी अप्पांच्या हातची ती कोरडी पऱ्हाटी मला गुळापेक्षा गोड लागली.