शेवाळाखालची घरं

पाण्याला दात असतात, हे थोरल्या जावेनं धाकटीला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. जोरानं पाणी मारायचं मशीन सुरू करून त्याची गन तिनं एका जुन्या चपलेवर धरली, आणि बघता बघता चपलेचा अंगठा गायब. "यात तुझा पाय होता असं समज," थोरली म्हणाली होती. तेव्हापासून धाकटी गन हातात धरायची ती दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी.

दोघी जावा मिळून अंगणं धुवायच्या. आजचं अंगण एकट्या राहणाऱ्या एका आजोबांचं होतं. गेटपासून दारापर्यंत ब्लॉकची वाट आणि तिच्यावर काळ्या-हिरव्या शेवाळाची गादी. आजोबा तिच्यावरून घसरून पडले, म्हणून परगावच्या मुलानं फोन करून या दोघींना बोलावलं. आजोबांच्या मनात ते धुणं नव्हतंच. तोंड वाकडं करून त्यांनी गेट उघडलं आणि एवढंच म्हणाले, "गेटपाशी जरा जपून." गेटला नवा रंग होता. दोघींना वाटलं, रंगाला जपायचं. धाकटीनं गेटला प्लास्टिक गुंडाळलं आणि विषय मिटला.

थोरलीचा नेम असा, की आधी ब्लॉकवर पाण्याचा थेंब टाकायचा. वर जुना सीलर, म्हणजे तो काचेसारखा लेप असला, तर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. नसला तर ब्लॉक तो पिऊन टाकतो. लेप असेल तिथं गन लांबून, हलक्या हातानं चालवायची. नाहीतर लेपाखाली पाणी शिरतं, पापुद्रे सुटतात आणि सगळं दुधाळ होऊन बसतं. थोरली त्याला मोतीबिंदू म्हणायची. याला डॉक्टर नाही, असंही वर जोडायची. एकदा तिच्या हातून तो झाला होता. ती गोष्ट ती हसत सांगायची, पण सांगताना बोटं मोडायची.

आज थेंब टाकला तो दाराशी. ब्लॉकनं तो गटकन पिऊन टाकला. लेप नाही म्हणून थोरलीनं जोर वाढवला, गन धाकटीकडे दिली आणि घरामागचं तुंबलेलं गटार मोकळं करायला गेली.

शेवाळ सुटत गेलं. काळ्याखालून तपकिरी निघालं, तपकिरीखालून विटेचा लाल. पाणी पुढे, धाकटी मागे. अशी ती गेटपाशी आली आणि तिचा हात थिजला.

शेवाळाखालून पांढरं उगवलं होतं.

तिनं गनवरचं बोट काढलं. नखाएवढा एक पापुद्रा सुटून वाहत आला आणि तिच्या बुटाला अडला. तिनं वाकून ब्लॉकवर एक थेंब टाकला. थेंब उभा राहिला. दाराशी लेप नव्हता, इथं होता. थेंब इथंही टाकून बघायला हवा होता.

रुमालानं पुसलं तरी पांढरं जाईना. पण मोतीबिंदू पसरतो तो ढगासारखा, आणि हे तर रेघेत चाललं होतं. रेघ वळली, पुन्हा वळली, तिचा चौकोन झाला. त्यात वाकडातिकडा एक. पुढच्या चौकोनात दोन. लहान मुलांनी ठिकरी टाकून लंगडी घालायला आखलेली घरं, खडूची, लेपाखाली जपलेली. तिनं पापुद्रा उलटा करून पाहिला. त्याच्या पाठीलाही खडू होता.

आता तिला खरी भीती वाटली. ब्लॉक नवे आणता येतात. हे कुठून आणायचं?

"दिसलं का काही?" आजोबा उंबऱ्यावर काठी धरून उभे होते. पुढे येत नव्हते, गेटकडे बघतही नव्हते.

मग त्यांनीच तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या धाकट्या लेकीनं ती घरं आखली होती. जेवायला हाक मारली तेव्हा उरलेली उद्या म्हणाली. उद्या ताप घेऊन आला, आणि त्या तापातून ती उठली नाही. खडू पुसला जाऊ नये म्हणून आजोबांनी सीलरचा डबा आणून तेवढ्याच जागेवर फिरवला. पुढे शेवाळ चढलं, त्यांनी चढू दिलं. खाली घरं आहेत असं मानता येत होतं. खरवडून पाहिलं आणि नसली, तर?

आवाज ऐकून थोरली आली होती. खाली एक नजर टाकून तिनं मशीन बंद केलं आणि बोटं मोडायला लागली.

"सगळं आहे का गं?" आजोबांनी विचारलं.

थोरलीनं हो म्हण अशी मान हलवली. धाकटीच्या मुठीत पापुद्रा टोचत होता.

"पहिल्या घराचा एक कोपरा गेला, आजोबा. माझ्या हातून."

गटारात पाणी गुळगुळत राहिलं.

"आणि तीन?" आजोबांनी विचारलं.

धाकटी गुडघ्यावर बसली. एक होता. दोन होता. त्यापुढच्या घरात तीन नव्हता. "तीन नाही दिसत," ती कशीबशी म्हणाली. "तिथं सहा आहे."

काठी खाली पडली. आजोबा उंबऱ्यावरच बसले.

"तोच," ते म्हणाले. "तिचा तीन. उलटाच काढायची. मी रोज सरळ करून द्यायचो, ती रोज उलटा काढायची."

थोरलीनं डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "मशीन गाडीत टाक," ती धाकटीला म्हणाली. "मऊ ब्रश काढ, आणि बादली."

चौथ्या घरावरचं शेवाळ अजून तसंच होतं. घर असेल की नसेल, कोण सांगणार. धाकटीनं ब्रश टेकवला, श्वास धरला.

"हळू गं, पोरी," उंबऱ्यावरून आवाज आला.