रंग फासलेला व्हॉल्व्ह

सहा इमारतींना ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघरात तिचा नवरा ऑपरेटर होता. जादा दाब सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय, असं त्याने सोसायटीच्या चेअरमनला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला तो उरला नाही. पाइपाचा जोड फुटला, वाफेने तो भाजला आणि आठव्या दिवशी गेला. चौकशीत चेअरमनने खापर त्याच्यावरच फोडलं. "डुलकी लागली होती त्याला."

तिने डूख धरला. बॉयलरची परीक्षा दिली आणि दोन वर्षांनी त्याच जागी कामाला लागली. विधवेला आधार दिला म्हणून चेअरमन मिरवत फिरला. पहिल्याच दिवशी तिने पाहिलं, व्हॉल्व्ह तोच होता. नुसता लाल रंग फासला होता. दाब कमी ठेवून ती बॉयलर चालवत राहिली आणि मूग गिळून थंडीची वाट बघत बसली.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी तिने बॉयलर बंद केला. तासाभरात माणसं शाली गुंडाळून बॉयलरघराच्या दारात जमली. कुणाचं तरी तान्हं रडत होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, तरी बटणाला हात लावला नाही.

चेअरमन तणतणत आला. "काय चालवलंय हे, वहिनी? लोक गारठलेत!"

"व्हॉल्व्ह अडकतोय."

"नवाच आहे तो! माझी सही आहे कागदावर."

"मग लावते पूर्ण दाबावर. तुम्ही फक्त इथे उभे राहा. आमचे हे उभे होते तिथेच."

लोक बघत होते. तो हसत उभा राहिला. तिने बटण दाबलं. आग धडधडली, दाबाचा काटा चढू लागला. त्याचं हसू मावळलं. एकदम तो दाराकडे पळाला, दोघांना ढकलून पायरीवर आपटला.

"बंद कर! बॉयलर फुटेल!"

तिने लगेच बंद केला. काटा अजून रोजच्या दाबापर्यंतही पोचला नव्हता.

"नवा व्हॉल्व्ह असताना कसा फुटेल, चेअरमनसाहेब?"

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्याच दिवशी नवा व्हॉल्व्ह आला. चौकशी पुन्हा उघडली, खुर्ची गेली, खटला उभा राहिला. लोकांनी साक्षी दिल्या.

निकालाच्या आदल्या दिवशी तो बॉयलरघराच्या दारात आला. डोळे लाल होते.

"वहिनी, माझ्या मुलांकडे बघून तरी..."

तिने काट्यावरची नजर हलवली नाही.

"दार लावून घ्या जाताना. गार वारा येतोय."