पिशवीवालीचं घर

"मावशी, त्या बाईचा पिच्छा सोडा आणि आधी बँक लुटा बघू!"

संपादक दारात उभा राहून कळवळून म्हणाला. मावशीनं मान वळवली नाही. हातात कंट्रोलर, नजर पडद्यावर. पडद्यावर झिमझिम पाऊस होता आणि एक बाई कापडी पिशवी सांभाळत फुटपाथवरून चालली होती. तिच्यामागं थोडं अंतर ठेवून व्हिडिओ गेमचा नायक चालला होता. नायक म्हणजे नुकताच तुरुंगातून सुटलेला, कमरेला दोन पिस्तुलं लावलेला, सगळ्या शहराला घाम फोडणारा गडी. आणि मावशीनं त्याला मंडईतून परतणाऱ्या मामीमागं ओझं उचलायला निघालेल्या भाच्यासारखा चालवला होता.

"बँक कधीच लुटली," मावशी म्हणाली. "एकदा खेळ सांगतो तशी, एकदा माझ्या मनानं. झकास जमलंय ते. तिजोरी उघडते आणि आपलाच माणूस आपल्यावर उलटतो ना, तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. खरी शिवी."

"मग तेच लिहा की! शिवी सोडून."

"लिहिणार. पण ही बाई घरी कुठं जाते ते बघितल्याशिवाय निकाल नाही."

संपादकानं कपाळाला हात लावला. त्याचंही खरं होतं बिचाऱ्याचं. 'पाच पूल' हा गुन्हेगारी खेळ बाजारात आल्यापासून बाकीच्या मासिकांनी त्याला दहापैकी दहा देऊन डोक्यावर घेतलं होतं. पाच पुलांचं एक अख्खं शहर, त्यात वाटेल तिकडं भटका, गाड्या पळवा, टोळ्या फोडा, सख्ख्या भावावर सूड उगवा. आणि याच खेळाच्या कंपनीची रंगीत जाहिरात या मासिकाच्या मलपृष्ठावर झळकायची होती. मासिक बुडता बुडता तरंगत होतं. अशा वेळी सदर लिहिणारी बाई एका पिशवीमागं वणवण फिरतेय म्हटल्यावर कुणाची झोप उडणार नाही?

पण मावशी ही मावशी होती. मूळची ती या मासिकाची मुद्रितशोधक. जोडाक्षरं तपासता तपासता केस पिकले. एकदा खेळांचा एक परीक्षक आयत्या वेळी टांग मारून गेला, पान रिकामं राहिलं, तेव्हा हिनं चष्मा सावरून कन्सोल सुरू केला आणि पान भरून दिलं. लोक आधी हसले. म्हणे, पोळपाट सोडून बाई पिस्तूल चालवतेय! मग तेच लोक अंक हातात आला की आधी शेवटचं पान उघडू लागले. 'मावशीचा निकाल' असं त्या सदराचं नावच पडलं. खाली चौकटीत गुण आणि गुणांखाली सही, मावशी. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्या बाईचं स्वतःचं असं छापलेलं तेवढंच होतं, आणि ते तिला जिवापेक्षा प्यारं होतं.

तिची तपासणीची एक रीत होती. गोष्ट, गाड्या, मारामाऱ्या हे सगळं ती कसून बघायचीच. पण शेवटी खेळातला रस्त्यावरचा कुणीही एक माणूस हेरायची आणि त्याच्या मागं त्याच्या घरापर्यंत जायची. कचेरीतले लोक त्याला 'मावशीचं पोचवणं' म्हणायचे आणि खो-खो हसायचे. हसेनात का! मावशीनं कधी कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही.

"परवा सकाळी मजकूर टेबलावर हवा," संपादक म्हणाला आणि गेला. कधीकाळी तो मावशीच्याच हाताखाली ऱ्हस्व-दीर्घ शिकला होता, त्यामुळे तिच्याशी बोलताना त्याचा आवाज फार वर जात नसे.

मावशी घरी आली आणि तिनं स्वतःच्या कन्सोलवर पुन्हा पिशवीवालीला शोधून काढलं. नवरा पाणीखात्यातून निवृत्त झालेला कारकून. तो खिडकीपाशी शर्टांना इस्त्री करत उभा होता. त्याला खेळ खेळता येत नसे, पण बघण्याचा भारी षोक. लोक मालिका बघतात तसा तो मावशीचे खेळ बघायचा.

"काय सुंदर ओलं दिसतंय गं," तो म्हणाला. "गटाराचं झाकणसुद्धा बरोबर बसवलंय. आमच्याकडं कधी बसलं नाही."

"अहो, शहर एक नंबर आहे. गाडी वळवताना तिचं वजन हाताला लागतं. रेडिओवरचे निवेदकसुद्धा एकमेकांच्या कागाळ्या करतात. आणि नायकाचा तो थोरला भाऊ, खलनायक, काय लिहिलाय! दोन वाक्यं बोलतो आणि आपण बटण दाबायचं विसरतो."

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"एक तर पोलीस. निर्जन माळावर एक काच फोडा, आकाशातून टपकल्यासारखे हजर. दुसरं म्हणजे कामगिरीवर असताना वाट सोडून जरा शेजारच्या गल्लीत गेलं की खेळ डोळे वटारतो, पहिल्यापासून सुरू कर म्हणतो. मग एवढं मोठं शहर दिलंस कशाला बाबा? आणि तिसरं..."

"अगं, ती बघ! पुन्हा त्याच फुलवालीपाशी आली."

मावशी थांबली. खरंच, तीच फुलवाली, तेच औषधांचं बंद दुकान, तोच पूल. पिशवीवाली चार रस्त्यांना वळसा घालून पुन्हा तिथंच आली होती. मावशीनं पुन्हा पाठ धरली. पुन्हा तोच वळसा. नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि तिच्याशेजारी येऊन बसला. तिसऱ्या फेरीला मावशीनं नायकाला एका दारापाशी नेलं आणि दार ठोठावायला लावलं. दार नुसतं भिंतीवर रंगवलेलं होतं. पुढचंही तसंच. खिडक्यांमागं काही नव्हतं. आणि जरा नजर हटली तेवढ्यात मागं वळून बघावं, तर पिशवीवाली फुटपाथवरून नाहीशी झाली होती.

"म्हणजे हिला घरच नाही?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज खरोखर पडला होता. "मघापासून पिशवी धरून चाललीय बिचारी."

"कुणालाच नाही," मावशी म्हणाली. "सगळ्या शहरात कुणालाच नाही."

ठरलेल्या सकाळी संपादकानं मजकूर वाचायला घेतला. वाचता वाचता तो आधी हसला, मग खुलला, मग त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं चौकटीवर बोट ठेवलं.

"सात?"

"सात."

"मावशी, तुम्हीच लिहिलंय की बँकेचा प्रसंग कित्येक वर्षांत असा झाला नाही! गाड्या उत्तम, शहर उत्तम, संवाद उत्तम. आणि गुण सात?"

"पोलिसांचा एक गेला, वाट सोडू देत नाहीत त्याचा एक गेला, आणि तिसरा पिशवीवालीचा. हिशेब समोर आहे."

"पिशवीवालीचा गुण कापता? अहो, ती पादचारी आहे, पादचारी! शोभेला ठेवलेली. गुन्हेगारी खेळात लोक गोळ्या घालायला येतात, पादचाऱ्यांची विचारपूस करायला नाही."

मावशीचा चेहरा कसानुसा झाला. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"मी लहान होते," ती म्हणाली. "घरातला बल्ब गेला होता. वडील म्हणाले, आलोच घेऊन, आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावर दोन टोळ्यांची जुंपली होती. आम्ही अंधारात बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात टोळ्यांची नावं, पुढाऱ्यांची नावं, कुणाकडं कुठलं हत्यार होतं ते, सगळं आलं होतं. आणि शेवटी एक ओळ. 'गोळीबारात एक पादचारी ठार.' अरे, त्या पादचाऱ्याला नाव होतं. घर होतं. घरात आम्ही होतो!"

संपादकानं चौकटीवरचं बोट काढून घेतलं. इतक्या वर्षांत हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"मग... असे खेळ तुम्ही खेळता तरी कशा?" त्यानं हळूच विचारलं.

"आवडतात म्हणून! तुला काय वाटलं, रडत खेळते? गुन्ह्याची गोष्ट मला फार आवडते. पण ज्याच्या अंगावर गुन्हा पडतो तो माणूस पुठ्ठ्याचा असेल, तर गोष्ट पुठ्ठ्याची. तुझा तो नायक शेवटी त्याच भावासाठी धाय मोकलून रडतो, तेव्हा माझेही डोळे भरले. पण तोच लगेच गाडी फुटपाथवर घालतो, आणि शहराच्या डोळ्यांत टिपूस नाही. इथं खेळ कमी पडलाय. मी फक्त ते सांगतेय."

"मला कळतंय, मावशी. पण कंपनीला नाही कळणार. नऊ करा. मजकुराला मी हात लावत नाही. फक्त तो आकडा."

"तुला नऊ छापायचे तर छाप. खाली माझी सही नको."

"सही काढली तर सदर उरत नाही. पुन्हा ते तुम्हाला देता येणार नाही मला. वरून विचारतील."

"नको उरू दे."

"मावशी, आकडा आहे हो नुसता!"

"मग सातच ठेव ना, नुसता आकडा आहे तर," मावशी म्हणाली आणि उठली. जिन्यात आल्यावर मात्र कठडा धरून ती थोडी थांबली, डोळे कोरडे केले आणि आपल्या टेबलाशी जाऊन स्वल्पविराम तपासू लागली.

अंक आला. नऊ गुण, आणि सहीच्या जागी 'आमच्या प्रतिनिधीकडून'. दिलेला शब्दही संपादकानं पाळला नव्हता. जागा कमी पडली असं सांगून दोषांचा सगळा परिच्छेद उडवला होता. पण घाईत एक गंमत झाली. पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात एक वाक्य उचलून ठेवायची त्यांची पद्धत. ते वाक्य मांडणी करणाऱ्यानं आधीच उचलून ठेवलं होतं आणि काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे नऊ गुणांच्या डोक्यावर ठळक छापून आलं होतं: 'या शहरात लाखो माणसं आहेत आणि एकालाही घर नाही.'

मग वाचकांनी अशी काही झोड उठवली की विचारू नका. हा मावशीचा आवाज आहे, मावशी कुठाय, असं कुणी विचारलं. तर कुणी लिहिलं, म्हातारीला खेळ झेपत नाही, तिला घरी बसवा. संपादक पुन्हा मावशीच्या टेबलाशी आला. म्हणाला, कंपनीच्या माणसाला फोन करून दोन गोड शब्द बोला, पुढच्या अंकात सदर परत देतो.

"गोड बोलायला मला येतं," मावशी म्हणाली. "पण काय बोलू? बाईला घर आहे असं सांगू?"

संपादक आला तसा परत गेला. सदर एका नव्या परीक्षकाला मिळालं. आणि त्याची ऱ्हस्व-दीर्घं दुरुस्त करायचं काम कुणाकडं? मावशीकडंच. दर महिन्याला स्वतःच्याच पानाचा मजकूर दुसऱ्याच्या सहीनं तिच्यासमोर यायचा. ती तो बारकाईनं तपासायची. एकही चूक सुटू द्यायची नाही.

घरी मात्र भलतंच सुरू झालं होतं. नवरा कंट्रोलर धरायला शिकला होता. त्याला गाडी चालवता येत नसे, गोळी झाडता येत नसे. नायकाला चालवता तेवढं यायचं. दुपारचं जेवण झालं की तो पिशवीवालीमागं एक फेरी मारून यायचा. मावशी संध्याकाळी विचारायची, "गेली का घरी?" तो म्हणायचा, "नाही गं, फुलवालीपाशी सोडून आलो."

असे बरेच महिने गेले. एका दुपारी नव्या परीक्षकाचा मजकूर मावशीपुढं आला. 'पाच पूल'ची नवी आवृत्ती आली होती, म्हणजे तोच खेळ कंपनीनं डागडुजी करून सगळ्यांच्या कन्सोलवर पाठवला होता. परीक्षकानं लिहिलं होतं, नव्या गाड्या नाहीत, नवी हत्यारं नाहीत, दखल घ्यावी असा काहीही बदल नाही. मावशीनं 'आवृत्ती'तला वेलांटीचा घोळ निस्तरला. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, ये लवकर!" नवरा धापा टाकत होता. "ती फुलवालीपाशी वळलीच नाही. सरळ गेली!"

"सरळ म्हणजे कुठं?"

"मला काय ठाऊक! मी घाबरून खेळ थांबवून ठेवलाय. तू आल्याशिवाय मी पुढं जाणार नाही."

मावशीनं पिशवी उचलली. दारात संपादक आडवा आला. "मावशी, कुठं? अंक छपाईला जायचाय."

"घरी," मावशी म्हणाली. "एकीला पोचवायचंय."

नवऱ्यानं कंट्रोलर तिच्या हातात दिला. पडदा हलला, पाऊस सुरू झाला. पिशवीवाली औषधांच्या बंद दुकानावरून पुढं गेली, पूल ओलांडला, एका अरुंद गल्लीत शिरली. मावशीनं नायकाला जपून चालवलं. गल्लीच्या टोकाला तीन पायऱ्या होत्या. बाई त्या चढली. पिशवी खाली ठेवली, कमरेपाशी चाचपलं, किल्ली लावली, पिशवी उचलली आणि आत गेली. दार लागलं.

मग वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा लागला.

"जायचं आत?" नवऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"नको हो. कशाला? पोचली ती."

नवऱ्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आता किती देशील?"

"आठ."

"आठच? अगं बाई, घर दिलं की त्यांनी!"

"त्याचाच वाढवला ना एक. पोलीस अजून आकाशातून टपकतात, आणि वाट सोडली की खेळ अजून डोळे वटारतो."

मागं गाड्या भोंगे वाजवत होत्या, लांब कुठंतरी गोळीबार चालला होता आणि खेळ कोपऱ्यात पुढच्या कामगिरीची आठवण करून देत होता. मावशीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. खिडकी दिसत राहील असा नायक तिनं तिथंच, पावसात, उभा ठेवला.