दोनशे सात पत्रं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसलं. माझ्या धंद्यात पुसणं फार सोपं असतं. कागद फाडला तर निदान तुकडे गोळा करावे लागतात, इथे तेवढेही कष्ट नाहीत.

तर आता जसं येईल तसं टाइप करतोय. मध्येच उठेन, पाणी पिऊन येईन. समजून घ्या.

मी वेबसाइट बनवतो. कुठे शिकलो नाही. लोकांच्या साइट उघडायच्या, आत काय लिहिलंय ते बघायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं, असं करत करत जमायला लागलं. ताईच्या घरात आतल्या खोलीत माझं टेबल आहे. एका बाजूला तिचं इस्त्रीचं टेबल, वर वाळत घातलेले कपडे. भाऊजींच्या ओल्या पँटीखाली बसून मी लोकांना ‘स्वच्छ आणि आधुनिक’ डिझाइन करून देतो.

बॉबिन माझा मित्र. शाळेपासूनचा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. त्याचे वडील घराला लागून असलेल्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करायचे, ते गेल्यावर तो करायला लागला. अंगाने काडी, आणि एका जागी दोन मिनिटं बसणार नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखा सारखा गरगर फिरत, म्हणून बॉबिन. मी दिवसभर माउस हलवतो म्हणून तो मला उंदीर म्हणतो. हिशोब बरोबर.

बॉबिन चित्रं काढतो. काढायचा. मशीनच्या आतली चित्रं, पेन्सिलने. एकेक भाग सुटा केलेला, जसं काही मशीन उघडलं आणि सगळे भाग हवेत तरंगत थांबले. प्रत्येकाला नंबर. खाली त्याच्या वाकड्या अक्षरात सूचना. ‘हा स्क्रू जोरात पिळू नका, तो रुसतो.’ ‘इथे तेल एकच थेंब. दुसरा थेंब म्हणजे हाव.’

ही चित्रं लोकांना दिसावीत म्हणून आठ वर्षांपूर्वी मी त्याला साइट बनवून दिली. माझी पहिलीच. दिसायला इतकी भयंकर होती की आज कोणी दाखवली तर मी ओळख देणार नाही. पण आठवड्याला दोन-तीन पत्रं यायची. माझ्या मशीनचा टाका सुटतो, दोरा खालून गुंततो, काय करू. बॉबिन प्रत्येकाला उत्तर द्यायचा, नुसतं लिहून नाही, नवीन चित्र काढून. साइटवर किती लोक येतात याचा आकडा मी सांगायला गेलो की म्हणायचा, “आकडा काय मशीन बगलेत मारून दारात येतो का? एकाने लिहिलं ना, बास.”

अडीच वर्षांपूर्वी मीच त्याच्या मागे लागलो की साइट नवीन करू. मला लाज वाटायची तिची. खरं सांगायचं तर माझ्या कामांच्या यादीत ती दाखवता यायची नाही, म्हणून.

मी जीव ओतला. पत्र पाठवायच्या पानावर तर चार दिवस घालवले. तुम्ही लिहिलंत, ‘पाठवा’ दाबलंत, की पडद्यावर एक लाल दोरा सुईतून सरसर जायचा, त्याची गाठ बसायची आणि खाली अक्षरं यायची : ‘तुमचं पत्र पोचलं. बॉबिन लवकरच उत्तर देईल.’ त्या गाठीचा शेवटचा झटका नीट बसावा म्हणून मी एक अख्खी दुपार घालवली.

आता मुद्द्याची गोष्ट. पत्र कुठे जायचं, ती एकच ओळ असते. एक ईमेल पत्ता. काम चालू असताना आपण तिथे खरा पत्ता टाकत नाही, तपासण्यापुरता स्वतःचा एक टेस्टचा मेलबॉक्स टाकतो. मीही टाकला. ‘अअअअ’ पाठवलं. ‘उंदीर आला रे’ पाठवलं. शेवटच्या दिवशी बॉबिन शेजारी बसला होता. त्याने टाइप केलं, ‘मी बॉबिन. मीच मला पत्र लिहितोय, वेडाच आहे.’ दोरा सरकला, गाठ बसली, आणि माझ्याच स्क्रीनवर टेस्टच्या मेलबॉक्समध्ये त्याचं पत्र टुणकन आलं. तो टाळ्या वाजवून हसला. मी म्हटलं, “बघ, चालतंय.”

चालतंय.

ती ओळ मी बदललीच नाही.

पाणी पिऊन आलो.

पुढचं सांगायला जास्त त्रास होतोय, कारण पुढे मी विसरलो नव्हतो, पुढे मी बोलत होतो. पहिल्या महिन्यात पत्र आलं नाही. बॉबिन म्हणाला, लोकांना नवीन घर सापडत नसेल. तिसऱ्या महिन्यात विचारलं, “उंदरा, काही बिघडलं नाही ना?” मी त्याच्यासमोर ते पान उघडलं, दोरा सरकवून दाखवला. गाठ बसली. पाठवलेलं कुठे उतरलं ते बघायचं मला सुचलं नाही. वर आणि अक्कल पाजळली. म्हटलं, “बाबा रे, आता कोण वाचतं? सगळे व्हिडिओ बघतात. तुझी चित्रं छान आहेत, पण जरा जुनाट वाटतात. इंटरनेट असंच आहे, ते कोणासाठी थांबत नाही.”

हे मी बोललो. तोंडात पेन घालून, खुर्चीत मागे रेलून.

दुसऱ्या वर्षी त्याने व्हिडिओही करून बघितला. कॅमेऱ्यासमोर तो अवघडला, एकदाच केला आणि सोडला. मग चित्रं महिन्याला एक झाली. मग नाहीच. काकू, म्हणजे त्याची आई, मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “हल्ली तो पेन्सिलीला टोकच करत नाही रे.” मी म्हटलं, “कामात असेल, काकू.”

तो खरंच कामात होता. गोदामात लागला होता, खोक्यांवर चिकटपट्टी मारायला. दुपारी दोन ते दहा.

मागच्या आठवड्यात तो ताईकडे आला. गोदामाचा निळा शर्ट, खिशाला नंबर. उभ्याउभ्याच बोलला.

“साइट काढून टाक.”

“का?”

“का म्हणजे? दुकानही देतोय. महिनाअखेर. हत्यारं एका माणसाने मागितलीत. मग पाटी कशाला लटकत ठेवायची?”

“अरे, राहू दे ना, काय खातेय ती?”

“उंदरा,” तो म्हणाला, “तुला माहितीये मला कशाचं वाईट वाटतं? कोणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुझं चित्र चुकीचं आहे, गाढवा, असं कोणीतरी लिहायचं होतं. अडीच वर्षं मी भिंतीशी बोललो.” मग हसला. “भिंत पण तूच रंगवलेली. छान रंगवलीस हां.”

गुरुवारी दुपारी मी साइट बंद करायला बसलो. बंद करण्याआधी सर्व्हरवर काय काय पडलंय ते बघायची सवय आहे. तिथे तो टेस्टचा मेलबॉक्स दिसला. उगाच उघडला.

आत बॉबिनला आलेली पत्रं होती.

कर्जाच्या, औषधांच्या जाहिराती काढून टाकल्या. उरली दोनशे सात. मी मोजली, कारण मोजत होतो तोवर वाचावी लागत नव्हती.

मग वाचली. एकाने लिहिलं होतं की त्याच्या वडिलांना वाचता येत नाही, पण चित्रं बघून त्यांनी एकट्याने मशीन उघडून पुन्हा जोडलं, पुढचा भाग कधी येणार? एकीने तिच्या मशीनचं चित्र स्वतः काढून पाठवलं होतं, भाग नंबरासकट, बॉबिनसारखं. एकाने खरंच लिहिलं होतं, ‘अकरावं चित्र चुकलंय, साहेब.’ ते वाचून मी रडलो. त्याला तेच तर हवं होतं.

आणि एक बाई. तिची सहा पत्रं. घरीच कपडे शिवणारी. पहिलं : ‘दादा, माझ्या मशीनचा खालचा दोरा दर चार टाक्यांनी गुंततो. तुमचं चौथं चित्र बघितलं, तसंच केलं, तरी तेच. काय चुकत असेल?’ दुसरं, तिसरं, तेच, जास्त तपशील देऊन. चौथं : ‘दादा, तुम्ही आजारी तर नाही ना?’ पाचवं : ‘माझं काही चुकलं का बोलण्यात? रागावलात का?’ सहावं दोनच ओळी : ‘मशीन भंगारात दिलं. तुमची चित्रं छान होती, आता त्रास देणार नाही.’

तिला सहाही वेळा माझा लाल दोरा दिसला असणार. गाठ बसली असणार. ‘बॉबिन लवकरच उत्तर देईल.’

माझे बाबा पाट्या रंगवायचे, दुकानांच्या. पाटी लावून झाली की ते समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचे, विडी ओढत, कोण मान वर करून बघतं ते बघत. मी म्हणायचो, चला ना आता. ते म्हणायचे, थांब, काम अजून संपलं नाही. मला नेहमी वाटायचं की इंटरनेटला समोरचा फुटपाथ नसतो, म्हणून आम्ही सगळे असे झुरतो, कोण बघतंय कळत नाही. होता फुटपाथ. दोनशे सात पत्रांच्या रुंदीचा होता. मी त्याला कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन हिंडत होतो आणि बॉबिनला सांगत होतो की रस्ता रिकामा आहे.

मी सगळी पत्रं निवडली. सगळी निळी झाली. साइट तशीही जाणारच होती, कोणाला कधी कळणार नव्हतं. बोट पुसायच्या बटणावर होतं. नव्हतं असं लिहिलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

ताई कपडे काढायला आत आली. “काय रे, रंग उडालाय तोंडाचा?”

सांगितलं. तिने हातातले कपडे खाली ठेवले.

“मग जा की. सांग त्याला.”

“काय सांगू? आत्तापर्यंत त्याला वाटतंय की कोणी नव्हतं. आता कळेल की सगळे होते. कुठलं जास्त वाईट, तू सांग.”

ताईने स्क्रीनकडे बघितलं. त्या निळ्या पट्ट्यांकडे. मग म्हणाली, “पुसायचं असेल तर माझ्या घरात बसून पुसू नकोस. तो या घरात जेवलाय.”

आज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्या पत्रांच्या प्रिंट काढल्या. गठ्ठा हातात घेतला तेव्हा कळलं, जड असतं हे.

बॉबिन दुकानात हत्यारं पुसत होता. एकेक स्क्रू-ड्रायव्हर तेलाच्या फडक्याने पुसून कापडात गुंडाळत होता, देऊन टाकायची म्हणून.

“या उंदीरराव. केलीत बंद?”

मी उभ्यानेच सांगितलं. ओळ, पत्ता, टेस्टचा मेलबॉक्स. मध्ये कुठे थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही असं वाटलं, म्हणून भराभर. गठ्ठा मशीनवर ठेवला.

तो आधी हसला. “चेष्टा करतोस?”

“नाही.”

“तूच म्हणालास ना, लोक वाचत नाहीत. व्हिडिओ बघतात.” आवाज चढत गेला. “मला कॅमेऱ्यासमोर माकडासारखा बसवलास! जुनाट म्हणालास माझ्या चित्रांना! मी तुझं ऐकलं रे, तुला कळतं म्हणून ऐकलं!”

“मला काही कळत नव्हतं.”

“हे तेव्हा सांगायचं होतंस!”

फडकं त्याने माझ्या अंगावर फेकलं. तेलाचा डाग पडला शर्टावर. मी ते उचललंही नाही. मला वाटलं, आता तो म्हणेल चालता हो, आणि मी जाईन, आणि आयुष्यात पुन्हा या गल्लीत यायची हिंमत होणार नाही.

त्याने वरचं पत्र उचललं. मी मुद्दाम त्या बाईची सहा वर ठेवली होती. निदान तेवढं तरी लपवायचं नव्हतं. त्याने पहिलं वाचलं आणि वाचता वाचताच, सवयीने, पेन्सिल शोधायला कानावर हात गेला. तिथे पेन्सिल नव्हती.

“शटलच्या खाली दोऱ्याचा तुकडा अडकलाय तिच्या,” तो म्हणाला. “चौथ्या चित्रात मी ते दाखवलंच नाही. पलीकडून काढायचा, चिमट्याने. दोन मिनिटांचं काम आहे.”

मग पुढची वाचली. सहावं वाचलं.

“दोन मिनिटांचं काम होतं रे,” म्हणाला आणि खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवर, मशीनच्या पायाला टेकून. मी पण बसलो, जरा लांब. आत काकू कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या, जोरजोरात हसत होत्या. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

“हत्यारं देऊ नकोस,” मी म्हटलं.

“ते तू सांगायचं नाहीस.”

“बरं.”

“दोन वाजता कामावर जायचंय मला. आजही आणि उद्याही. हे वाचून मी लगेच उड्या मारीन असं वाटलं का तुला?”

“नाही.”

“वाटलं असेल तर काढून टाक डोक्यातून.”

तो उठला, निळा शर्ट घातला, बटणं लावली. गठ्ठ्याला हात लावला नाही. ती सहा पत्रं मात्र अजून हातात होती. दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाला, “या सगळ्यांना उत्तर जायला पाहिजे.”

“मी लिहितो.”

“माझ्या नावाने नाही. तुझ्या नावाने. त्या बाईला सगळ्यात आधी. मी रागावलो नव्हतो हे सांग. पत्र का पोचलं नाही ते सांग. आणि एक, ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलंस ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही.”

“नाही लिहिणार.”

“मग काय लिहिशील? म्हणून दाखव.”

तो थांबला होता, आणि त्याला उशीर होत होता.

“ताई, तुमची पत्रं माझ्याकडे आली होती,” मी म्हटलं. “मी उघडलीच नाहीत. चूक माझी.”

“दोनशे सात वेळा?”

“दोनशे सात वेळा, बॉबिन. प्रत्येकाला वेगळं लिहीन. एकदा लिहून चिकटवणार नाही. शब्द देतो.”