दत्ताराम तांबे यांजकडून

खरं तर हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. राधाबाईंनी मला तसं बजावलंच होतं. एकदा मला घासता घासता त्या खालच्या आवाजात म्हणाल्या होत्या, “तू गप्प राहा हं, बये.” परातीला असं कुणी सांगतं का? पण त्यांनी सांगितलं आणि मी अठरा वर्षं गप्प राहिले. आता त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलंय, तेव्हा मी बोलायला हरकत नसावी.

तर मी एक परात. स्टीलची, अठरा इंची, काठ बाहेर वळवलेला. वजन एक किलो आठशे. वजन मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कसं कळलं ते पुढे येईलच.

माझा जन्म एखाद्या कारखान्यात झाला असणार, पण त्यातलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण लालबागच्या भांड्यांच्या दुकानातली आहे. मे महिना होता, साल नव्याण्णव. काळाचौकीच्या चाळीत राहणारे दत्ताराम तांबे आणि त्यांची बायको राधाबाई दुकानात आले. गिरणीतले त्यांचे दोस्त शामराव, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. राधाबाईंनी प्रत्येक परात उलटी धरून तिच्यावर टिचकी मारली. माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, “ही घ्या. हिचा आवाज बसका नाही.”

“भाकरी थापायचीय की बँड वाजवायचाय?” दत्ताराम म्हणाले. पण घेतली मलाच.

दुकानदाराने विचारलं, “नाव काय घालू?” आणि मशीनच्या सुईने माझ्या काठाखाली बारीक ठिपक्यांची अक्षरं काढली. दत्ताराम तांबे यांजकडून. २६-५-९९. दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव हवंच, असा आपल्याकडे रिवाज आहे. घेणाऱ्याचं नाव घालायचं मात्र फारसं कुणाला सुचत नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सीमा. तिच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. तांदळाच्या पिठात कढत पाणी ओतलं की ती बोटं भाजत असतानाच मळायला घ्यायची. थांबलं तर पीठ बिघडतं, असं म्हणायची. सीमाची सासू मला “आमची परात” म्हणायची. घरातलं सगळंच आमचं, मग ते सुनेच्या लग्नात आलेलं का असेना. सीमा पीठ मळत राहायची.

दोन हजार सहा सालच्या आंबेडकर जयंतीला तांब्यांच्या चाळीच्या पटांगणात जेवण होतं. आजूबाजूच्या गल्ल्यांतून मोठी भांडी गोळा केली. मीही गेले. पाचशे माणसांचा भात माझ्यातून वाढला गेला. कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या पोरांनी भांडी धुतली, रचली आणि ज्याचं नाव त्याच्या दारी नेऊन टाकली. माझ्यावर नाव होतं दत्ताराम तांबे. पुढचं “यांजकडून” वाचायला कुणाला वेळ होता? मला तांब्यांच्या दारात ठेवून पोरं पुढच्या खोलीकडे गेली.

राधाबाईंनी मला लगेच ओळखलं. “अगं, ही तर सीमाची. उद्या देऊन येते.”

तो उद्या आला नाही. दत्ताराम पहाटेच छातीत कळ येऊन गेले.

घर माणसांनी भरलं. गावाहून नातेवाईक आले, गल्लीतल्या बायकांनी चूल सांभाळली, हाताशी असलेल्या भांड्यांत रांधलं. मीही होते. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदनेचा, कार्यक्रम होता. आत माझ्यात भात निवत होता आणि बाहेर दारात सीमा आली. ती हळूच म्हणाली, “राधाकाकू, आता विचारू नये, पण आमची परात चुकून इकडं आलीय का?”

राधाबाई म्हणाल्या, “नाही गं.”

त्या असं का म्हणाल्या? मी पुष्कळ विचार केला आहे. लोभाने नाही. त्या दिवसांत घरात एकट्या असल्या की त्या माझ्या काठाखालून बोट फिरवत बसायच्या, अक्षरांवरून. आणखी दोन दिवस ते नाव घरात राहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण एकदा नाही म्हटलं की तिसऱ्या दिवशी हो कसं म्हणणार? माणसांचं हे मी नेहमी पाहिलंय. मोठं खोटं ती विचार करून बोलतात. छोटं चटकन बोलून जातात आणि मग तेच वागवत बसतात.

दोन महिन्यांनी गल्लीतून बातमी आली. सीमाच्या सासूने ठरवलं होतं की सुनेने परात कुर्ल्याला माहेरी पोचवली. “आमची अठरा इंची परात काय चालत गेली?” असं ती नळावर चारचौघींत म्हणाली. सीमाने शपथ घेतली तर म्हणे, “शपथ घ्यायला काय लागतं?” राधाबाईंनी हे ऐकलं, घरी आल्या, मला खाली घेतलं आणि घासायला बसल्या. त्याच दिवशी मला गप्प राहायला सांगितलं.

त्यानंतर मी तांब्यांच्या घरची झाले, पण कधी कुणाकडे उसनी गेले नाही. पाहुणे आले की माझी रवानगी माळ्यावर. फडताळात उभी ठेवायची ती अक्षरं भिंतीकडे करून. सीमाची चाळ पाडली, ती माणसं कितीतरी वर्षं संक्रमण शिबिरात राहिली आणि मग चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर परतली. राधाबाईंचा मुलगा धम्मपाल याचं लग्न झालं, सून सुचित्रा आली, नात मनवा झाली. धम्मपालला माझ्यावरचं वडिलांचं नाव ठाऊक होतं. वडिलांचं नाव वडिलांच्या घरातल्या परातीवर, त्यात नवल ते काय? सुचित्रालाही तसंच वाटलं.

यंदा सुचित्राला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. तिघं जाणार आणि राधाबाई बदलापूरला मुलीकडे राहणार, असं ठरलं. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. संसार त्यात बसवायचा.

मनवा चौदा वर्षांची. फार बोलत नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. यादी तिच्याकडे दिली होती. न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं असे तीन ढीग सुचित्राने आखले. पहिल्याच दिवशी चौथा तयार झाला, तो म्हणजे बघू. बघूचा ढीग सगळ्यांत मोठा झाला. घरच्या मिरची मसाल्याच्या पुड्या न्यायच्यात गेल्या. मिक्सर द्यायच्यात गेला. बाबासाहेबांचा फोटो हातातल्या पिशवीत जाणार, ते न विचारताच ठरलं. लोकरीच्या टोपीवरून मात्र भांडण झालं.

“ही तुझ्या कॉलेजमधली आहे,” सुचित्रा म्हणाली. “डोक्यात जात नाही तुझ्या.”

“तिथं थंडीत डोकं आखडतं,” धम्मपाल म्हणाला.

“तू आख्खाच आखडतोस, टोपीने काय होणार?”

माझ्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. सुचित्राला भाकरीसाठी खोल परात हवी होती आणि धम्मपालला वडिलांचं नाव. तो टेप घेऊन आला. बॅगेच्या तळाला मी काठोकाठ बसले. “हिच्यात स्वेटर भरू, म्हणजे जागा फुकट जाणार नाही. बाबांची दुसरी काय वस्तू आहे आपल्याकडं? ही येणार.”

मनवाने मला पिशवीत घालून वजनकाट्याच्या हुकाला टांगलं. एक किलो आठशे. तिने ते वहीत पेन्सिलने लिहिलं आणि पिशवीतून काढताना मला उलटी केली. बराच वेळ ती माझ्या काठाखाली बघत राहिली.

“आजी,” ती म्हणाली, “ही आजोबांनी कुणाला दिली होती?”

“कुणाला म्हणजे? घरात आहे ती.”

“पण ‘यांजकडून’ लिहिलंय. स्वतःच स्वतःला कोण भेट देतं?”

राधाबाई मसाल्याच्या पुडीला रबर लावत होत्या. रबर तुटलं. त्यांनी दुसरं घेतलं, तेही तुटलं. मग पुडी खाली ठेवून त्यांनी नातीला सगळं सांगितलं. जयंती, पोरं, पाचवा दिवस, नळावरचं बोलणं. काही गाळलं नाही. धम्मपाल आणि सुचित्रा दारातच उभे होते.

“त्या सीमाकाकू अजून ऐकून घेतात?” मनवाने विचारलं.

“तिची सासू अजून बोलते म्हणतात. तेव्हाची आठवण निघाली की बोलते.”

धम्मपाल म्हणाला, “आई, गुरुवारी विमान आहे आपलं. अठरा वर्षं झाली. आता हे उकरून काय मिळणार? आणि नाव तर माझ्या बापाचंच आहे ना?”

“नाव आपलं, परात तिची.”

“मग कुणाच्या हातून पाठवून दे. दारात ठेवून येऊ दे.”

“दारात ठेवून कुणाला काय कळणार? म्हातारी पंच्याऐंशीची आहे. तिने ऐकलं पाहिजे. तिच्या कानांवर पडलं नाही तर सीमा चोर ती चोरच.”

सुचित्राने बॅगेतून स्वेटर काढायला सुरुवात केली. “मी येऊ सोबत?”

“नको. मनवा येईल. तिने विचारलंय ना.”

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. करी रोडच्या बाजूला दोन गल्ल्या चालून लिफ्टने चौदाव्या मजल्यावर. राधाबाईंना लिफ्टची भीती वाटते, त्या मला छातीशी धरून उभ्या होत्या.

दार सीमानेच उघडलं. तिच्या केसांत पांढरे आले होते. तिने राधाबाईंकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पिशवीतून मी अर्धी बाहेर होते. हात पुढे करून तिने मला घेतलं, उलटी केली आणि अक्षरं वाचली.

“कोण आलंय गं?” आतून सासूचा आवाज आला.

राधाबाई आत गेल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलल्या. शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असेल. “वहिनी, मी राधा. तुमच्या सुनेची परात माझ्याकडं होती. जयंतीच्या दिवसापासून. ती विचारायला आली तेव्हा मी नाही म्हटलं. तिने माहेरी नेली नव्हती. मी ठेवली होती.”

म्हातारीने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि मला निरखून पाहिलं. म्हणाली, “मग इतकी वर्षं काय करत होतीस?”

“भाकऱ्या,” राधाबाई म्हणाल्या.

मनवाला हसू आलं, ते तिने ओठांत दाबलं. सीमा मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. चहा ठेवते म्हणाली. पण तिने गॅस पेटवला नाही. नुसता नळ सोडला आणि माझ्यावर दोन्ही पंजे टेकवून उभी राहिली. तिच्या तळव्यांना अजून तीच ऊब होती. नळ वाहत होता तोवर ती रडली. मग नळ बंद करून तिने खरंच चहा ठेवला.

चहा पिताना ती राधाबाईंना एवढंच म्हणाली, “तेव्हाच सांगितलं असतं तर मी दिली असती हो, काकू. काकांचं नाव होतं. मी काय मागे लागले असते?”

राधाबाईंनी मान हलवली. म्हातारीने माफी मागितली नाही. तिने सीमाला, राधाच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेव, असं सांगितलं.

निघताना मनवा सीमाजवळ आली. तिने वहीतला एक कोरा कागद फाडून घेतला होता. तोंडातल्या तोंडात म्हणाली, “काकू, हे नाव कागदावर उतरवून घेऊ? पप्पांसाठी.” सीमाने मला टेबलावर उलटी घातली. मनवाने कागद काठाखाली दाबून धरला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. काळ्या पट्ट्यात पांढऱ्या ठिपक्यांनी दत्ताराम तांबे उमटले. यांजकडूनसुद्धा. त्या कागदाचं वजन करायची गरज नव्हती. तो पासपोर्टच्या फाइलमध्ये गेला असणार.

आज रविवार. ती तिघं जाऊन तीन दिवस झाले. माझ्याशिवाय ती भाकऱ्या कशात थापणार, मला माहीत नाही. तिकडे पीठ मिळतं म्हणतात, बाकीचं सुचित्रा बघून घेईल. मी सीमाच्या ओट्यावर असते, अक्षरं बाहेरच्या बाजूला. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाला लग्नात भांडं द्याल तर तुमचं नाव जरूर घाला, पण ज्याला देताय त्याचंही घाला. सुई थोडी जास्त चालेल, एवढंच.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी दार लागायच्या आधी राधाबाई चपला घालता घालता मागे वळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि... थांबा, आतून म्हातारीची हाक आली.

“सीमा, तुझी परात आण गं इकडं. आज पीठ मी मळते.”